काल्पनिक साम्राज्यातले बडे ग्रह: कोणता मोठा, का मोठा, आणि कागदावर कसा मांडायचा

आंतरतारकीय साम्राज्याची कथा लिहायला घेतली की पहिल्याच संध्याकाळी ग्रहांची यादी तयार होते. एकावर दोन सूर्य, एकावर जांभळा समुद्र, एकावर सोन्याचे मनोरे. यादी दिसते छान आणि चौथ्या प्रकरणात बसते, कारण त्या ग्रहांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. ग्रह महत्त्वाचा होतो तो त्याच्यावाचून दुसऱ्याचं काहीतरी अडतं म्हणून. सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला, की शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या शहरात नळाची पाळी पुढे जाते. धरण दिसतं कसं, याची चौकशी तेव्हा कुणी करत नाही.

खालची पद्धत त्याच हिशेबाने लावली आहे. साहित्य साधं आहे: फुलस्केप कागद, वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर आणि दोन संध्याकाळी. यादी सहा-सात ग्रहांवर थांबवा. बाकीचे हजार ग्रह आहेत म्हणून सांगता येतं, पण वाचकाच्या लक्षात सातच राहतात.

आधी वेळ ठरवा

नकाशा काढण्याआधी एकच आकडा पक्का करा: तुमचं जहाज एक प्रकाशवर्ष किती दिवसांत कापतं? प्रकाशाहून वेगवान यान मानायचं की नाही ही तुमची मर्जी, पण मानलंत तर त्याचा वेग शेवटच्या पानापर्यंत बदलायचा नाही. इथे उदाहरणासाठी एका प्रकाशवर्षाला ५ दिवस धरू. मग १२ प्रकाशवर्षांवरचा ग्रह ६० दिवसांवर येतो आणि ४० प्रकाशवर्षांवरचा २०० दिवसांवर. निरोपही जहाजानेच जात असेल तर प्रश्न आणि उत्तर मिळून अनुक्रमे १२० आणि ४०० दिवस लागतात.

साम्राज्याचा स्वभाव या आकड्यातून ठरतो. कंपनी सरकारच्या काळात आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पत्र पोचायला पाच-सहा महिने लागायचे. म्हणून इथला गव्हर्नर आधी लढाई करायचा आणि मग परवानगी मागायचा. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली आणि तोच गव्हर्नर हुकमाचा ताबेदार झाला. तुमच्या सुभेदाराला स्वतःची अक्कल चालवायची मुभा आहे की नाही, ते त्याच्या स्वभाववर्णनाआधी या आकड्यात बघा.

तारे निवडताना

इथे मराठी लेखकाची हमखास फसगत होते, कारण आपल्याला नक्षत्रांची नावं फार आवडतात. स्वाती, अभिजित, व्याध, श्रवण, रोहिणी. पण डोळ्याला ठळक दिसणारे तारे बहुतेक करून मोठे, तापट आणि कमी आयुष्याचे असतात. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, पण त्याचं वय २५ कोटी वर्षांच्या आतबाहेर. अभिजित २५ प्रकाशवर्षांवर, वय सुमारे ४५ कोटी. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साचायलाच दोनशे कोटींहून जास्त वर्षं गेली. स्वाती (३७ प्रकाशवर्षं) आणि रोहिणी (६५) फुगून राक्षसी तारे झालेत. त्यांच्याजवळ कधी घर असलंच तर ते केव्हाच भाजून निघालं असणार. अशा ताऱ्यांवर छावणी, खाण किंवा दीपगृह ठेवा. शेत आणि शाळा ठेवू नका.

वस्तीला सूर्यासारखे किंवा सूर्याहून थोडे मंद, नारिंगी तारे बरे. टाऊ सेटी ११.९ प्रकाशवर्षांवर, ४० एरिडानीमधला मुख्य तारा १६.३ वर, डेल्टा पॅव्होनिस २० च्या आसपास. सगळ्यात जवळचा चांगला तारा म्हणजे मित्र (अल्फा सेंटॉरी), ४.३७ प्रकाशवर्षं. मे-जूनमध्ये सोलापूरजवळ नान्नजकडच्या माळावर उभं राहिलात तर दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ११ अंशांवर तो दिसतो. साम्राज्याचा पहिला टप्पा म्हणून त्याला तोड नाही, कारण तो वाचकाला बोटाने दाखवता येतो.

लाल खुजे तारे संख्येने सर्वाधिक आहेत, पण तिथे सांभाळून. मित्राचा जोडीदार प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे; त्याच्याभोवती २०१६ मध्ये सापडलेल्या ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं. ट्रॅपिस्ट-१ चे सातही ग्रह आपल्या बुध-सूर्य अंतरात मावतात. एवढ्या जवळचा ग्रह बहुधा ताऱ्याकडे कायम एकच तोंड करून राहतो, त्यामुळे तिथे ‘सकाळ झाली’ हे वाक्य लिहिता येत नाही. शिवाय हे तारे अधूनमधून भडकतात. वस्ती करायचीच असेल तर ती जमिनीखाली दाखवा.

ग्रहाचं वर्ष काढण्याची रीत अशी. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या तुलनेत घ्या, समजा ०.८. त्याचा साडेतिनावा घात म्हणजे तेज: सुमारे ०.४६. तेजाचं वर्गमूळ म्हणजे सुखकर अंतर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.६८ पट. त्या अंतराचा घन करा, ०.८ ने भागा, वर्गमूळ काढा: ०.६२७ वर्ष, म्हणजे पृथ्वीचे २२९ दिवस. ही रीत अचूक खगोलशास्त्र नव्हे. पण ‘नारिंगी सूर्याखाली ९०० दिवसांचं वर्ष’ असल्या चुका तिने टळतात.

अडण्याचे दिवस

आता कागदावर उभ्या रेघा मारा: धान्य, पाणी व वायू, धातू, इंधन, माणसं, कायदा, निरोप. प्रत्येक रकान्यात हे कुठून येतं आणि कुठे जातं ते लिहा. मग प्रत्येक ग्रहाला एकच प्रश्न विचारा: हा उद्या गप्प झाला तर राजधानीला किती दिवसांनी कळ लागेल? उत्तर आलं ‘कधीच नाही’, तर तो ग्रह कितीही देखणा असो, बड्या ग्रहांतून काढा.

सवय म्हणून आधी सोलापूरवर हा खेळ करून बघा. नळाचं पाणी बंद: काही दिवसांत ओरड. सूत यायचं थांबलं: यंत्रमागावरचं बिम (सूत गुंडाळलेला रूळ) संपेपर्यंत अवधी, मग चादर-टॉवेलचे कारखाने एकेक करून शांत. वीज गेली: त्याच मिनिटाला शांत. तिन्ही बंद पडण्याच्या गती वेगळ्या आहेत, आणि कथेतला ताण या वेगळेपणातून येतो. सगळे ग्रह एकाच गतीने महत्त्वाचे असतील तर संकटही एकसुरी होतं.

राजधानी

राजधानीसाठी पानं खर्च होतात ती दरबारावर. ती धान्यावर खर्च करा.

लोकसंख्या १०० कोटी धरा. माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हणजे दिवसाला ५ लाख टन. मालगाडीच्या एका रेकमध्ये ढोबळ अडीच हजार टन धान्य मावतं. म्हणजे दिवसाला २०० रेक, दर सात मिनिटांनी एक, रात्रंदिवस. सोलापूरच्या मालधक्क्यावर एक रेक रिकामा व्हायला किती हमाल आणि किती तास लागतात ते डोळ्यासमोर आणा आणि त्याला २०० ने गुणा. तुमच्या राजधानीतली सर्वांत ताकदवान संघटना कुणाची असेल ते आपोआप कळेल. सरदारांची नक्कीच नाही.

जहाजं मोजा. एका जहाजात २ लाख टन मावत असेल आणि धान्यग्रह ६० दिवसांवर असेल, तर कुठल्याही क्षणी वाटेत ३ कोटी टन माल असतो: १५० भरलेली जहाजं येताना, तेवढीच परत जाताना. दुरुस्तीत उभी असलेली वेगळी. ‘सम्राटाकडे चाळीस जहाजं होती’ असं लिहिलं असेल तर राजधानी उपाशी मेली.

साठाही मोजा. पीक बुडाल्याची बातमी शेवटच्या भरलेल्या जहाजाबरोबरच येते. दुसरीकडे मागणी पाठवायला ६० दिवस, माल यायला ६० दिवस. म्हणजे किमान १२० दिवसांचा, ६ कोटी टनांचा साठा हवा. तो सगळा वापरता येतो असंही समजू नका. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६४ च्या आसपास मृतसाठा असतं. कोठाराचंही तसंच: तळाचं बियाणं, सैन्याची राखीव पोती, कागदावर असलेली पण घुशींनी नेलेली पोती. ‘कोठार वजा वीस टक्क्यांवर’ हे वाक्य सोलापूरच्या वाचकाच्या पोटात खड्डा पाडतं. ते बिनधास्त वापरा.

अख्खा ग्रह एकच शहर करायचा मोह आवरत नसेल तर उष्णता तपासा. एक लाख कोटी माणसं, प्रत्येकी सरासरी १० किलोवॉट वापर. ही सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते आणि ती पृथ्वी जेवढा सूर्यप्रकाश शोषून घेते त्याच्या सुमारे ८ टक्के भरते. एवढ्याने ग्रहाचं सरासरी तापमान ५ अंशांनी चढतं. मे महिन्यात आधीच ४३ वर असलेल्या गावाला हा आकडा काय असतो ते सांगायला नको.

धान्यग्रह

हा ग्रह सर्वांत जास्त गृहीत धरला जातो, आणि लेखकाला सर्वांत जास्त देतोही हाच.

पहिली अडचण मातीची. सोलापूरची काळी माती ज्या दख्खनच्या खडकातून झाली तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रब्बीची मालदांडी ज्वारी फारसा पाऊस नसताना उभी राहते, कारण ती खोल काळी जमीन पावसाळ्यातली ओल धरून ठेवते. नव्या ग्रहावर खडकाचा चुरा असतो, माती नसते. त्यामुळे ‘पन्नास वर्षांत ग्रह हिरवा केला’ असं लिहू नका. माती बनवणं हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग दाखवा. तिथे वाटणीचं भांडण एकराचं होणार नाही, मातीच्या खोलीचं होईल.

दुसरी अडचण हंगामाची. मघाशी काढलेल्या २२९ दिवसांच्या वर्षात चार ऋतू पाडले तर प्रत्येकाला ५७ दिवस येतात. ज्वारीला चार महिने लागतात. म्हणजे पेरणी एका ऋतूत आणि काढणी पुढच्याच्याही पुढे. उपाय एकच: ग्रहाचा आस फार कललेला ठेवू नका. ऋतू सौम्य राहतात आणि पीक मध्येच गारठत नाही. आणि कडबा विसरू नका. जिथे ज्वारी तिथे वैरणीचा डोंगर, आणि तो डोंगर कुणीही दुसऱ्या ताऱ्यावर पाठवणार नाही. म्हणून धान्यग्रहावर जनावरं असणार, दूध असणार, आणि तिथला गडी राजधानीच्या साहेबापेक्षा चांगलं जेवणार.

तिसरी अडचण उचलण्याची. ग्रहाची घनता पृथ्वीइतकीच धरली तर गुरुत्व आणि सुटकेचा वेग (ग्रहाच्या ओढीतून निसटायला लागणारा वेग) दोन्ही त्रिज्येच्या प्रमाणात वाढतात. त्रिज्या १.२ पट असेल तर ५० किलोचं पोतं ६० किलोसारखं जड लागेल आणि सुटकेचा वेग सेकंदाला ११.२ वरून १३.४ किलोमीटरवर जाईल. रासायनिक इंधनाचं चांगलं इंजिन वायू सेकंदाला साडेचार किलोमीटर वेगाने फेकतं. त्या हिशेबाने, हवेचा अडथळा सोडून, एक टन बाहेर काढायला पृथ्वीवरून उड्डाणाच्या वेळी १२ टन लागतात, या ग्रहावरून जवळपास २०, आणि मंगळासारख्या ग्रहावरून फक्त ३. पण मंगळाएवढा ग्रह हवा धरून ठेवत नाही. त्रिज्या ०.८५ ठेवली तर ८ टनांवर तडजोड होते. रोजचं ५ लाख टन धान्य म्हणजे रोज ४० लाख टनांचं उड्डाण. हे रॉकेटने होणार नाही. दोर, मनोरा, काहीतरी दुसरं साधन शोधावंच लागतं. आणि ते साधन एकच असेल तर बंडखोर पहिला हात तिथेच घालतील.

चौथी गोष्ट कुणीच लिहीत नाही: परतीचा माल. एक टन धान्याबरोबर ढोबळ ३ किलो स्फुरद (फॉस्फरस) जमिनीतून जातं. वर्षाला १८ कोटी टन निर्यात म्हणजे साडेपाच लाख टन स्फुरद दरवर्षी ग्रह सोडून चाललं. नत्र हवेतून परत मिळवता येतं, स्फुरद नाही. म्हणजे परतीच्या जहाजांनी राजधानीच्या मैल्यातले क्षार भरून आणलेच पाहिजेत. सम्राटाने ‘असला माल आमच्या जहाजांत नको’ असं फर्मान काढलं, तर दोन पिढ्यांनी साम्राज्य पडतं. लढाईची एक ओळही न लिहिता.

जहाजावरच्या जेवणासाठी नळ्यांतून पिळायचा लगदा शोधू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ओलावा नसल्याने आठवडेच्या आठवडे टिकते. फक्त भारहीन जागेत भाकरी मोडताना उडणाऱ्या चुऱ्याचा बंदोबस्त लिहा, नाहीतर तो यंत्रात जाईल.

जंक्शन

तीन-चार मार्ग एकत्र येतात म्हणून ग्रह मोठा होतो, हे अर्धसत्य. मार्ग नुसते एकत्र आले तर गाड्या न थांबता निघून जातात. थांबतात त्या गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, बदललं की. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज कुर्डुवाडीला मुख्य ब्रॉडगेजला भेटली. होटगीला ब्रॉडगेज आणि गदगकडून येणारी मीटरगेज भेटायची. एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा म्हणजे हमाल आले, गोदामं आली, चहावाले आले, आडते आले, वर्कशॉप आलं.

तुमच्या साम्राज्यात हा गेजबदल कुठे होतो ते शोधा. ताऱ्यांमधली जहाजं ग्रहावर उतरू शकत नाहीत आणि छोटी जहाजं ताऱ्यांपर्यंत जाऊ शकत नाहीत, एवढा एक नियम पुरतो. जिथे माल बदलला जातो तो ग्रह लहान, कमी गुरुत्वाचा आणि शक्यतो बिनहवेचा ठेवा. तिथे काही पिकत नाही, पण दलाली, विमा, भाषा आणि अफवा पिकतात. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येतात. गिरण्या-मागांच्या कामासाठी माणसं येत गेली म्हणून. जंक्शनवर तशीच मिसळण दाखवा: शिवी एका भाषेतली, भाव दुसरीतला, आणि दोघांनाही समजणारं ‘काय बे’.

आणि धोका हाच की एखाद्या दिवशी गेज एक होतं. थेट उतरणारं जहाज कुणीतरी बांधतं आणि जंक्शनची पोटं एका रात्रीत रिकामी होतात. त्या जहाजाचा आराखडा जाळायला जंक्शनचा सभ्य आडत्याही तयार होईल.

गोदीचा, म्हणजे जहाजं बांधायचा, ग्रह थोडक्यात: लोखंड, निकेल आणि बर्फ असलेल्या लघुग्रहांजवळ ठेवा, ग्रहाच्या पृष्ठभागावर नको. कारण वरच आलं: उचलण्याचा खर्च. लोकवस्ती कमी, पगार जास्त, अपघात रोजचे.

छावणी

छावणी सीमेवर ठेवायची असं समजलं जातं. ती ठेवायची हमखास अडणाऱ्या दोन ग्रहांच्या मधोमध. सोलापुरात ८ मे १९३० ला गोळीबार झाला, पोलीस शहराबाहेर पडले, काही दिवस कारभार लोकांनीच सांभाळला, आणि १२ मेला मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. सत्तेला परतायला चार दिवस लागले, तेही आगगाडी असताना. तुमचं सैन्य ६० दिवसांवर असेल, बातमी पोचायला आणखी ६०, तर लोकांच्या हातात चार महिने येतात. चार महिन्यांत चौकातली वाहतूक सांभाळणारे स्वयंसेवक न्यायालयं, कर आणि स्वतःची नाणी चालवायला लागतात. सैन्य उतरेल तेव्हा त्याच्यासमोर दंगल नसेल, सरकार असेल. छावणीचं अंतर ठरवताना एवढं एकच बघा: तुम्हाला दंगल लिहायची आहे की स्वातंत्र्य?

पृथ्वीचं काय करायचं

बहुतेकजण पृथ्वी नष्ट करतात किंवा विसरायला लावतात. दोन्ही आळशीपणाचे मार्ग आहेत. याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. व्यापारी हिशेबाने त्याच्यावाचून फारसं काही अडू नये, पण आषाढीला सगळे रस्ते तिकडे वळतात. पृथ्वीला तसं ठेवा: पिकवत काही नाही, पण पंचांग तिचं चालतं.

त्या पंचांगाचा हिशेब मात्र तुम्हाला करावा लागेल. २२९ दिवसांच्या ग्रहाची ८ वर्षं म्हणजे १,८३२ दिवस. पृथ्वीची ५ वर्षं म्हणजे १,८२६. फरक ६ दिवसांचा. आपले लोक ३५४ दिवसांचं चांद्रवर्ष आणि ३६५ दिवसांचं सौरवर्ष अधिक मासाने जुळवतात, तसे हे ६ दिवस कुठेतरी जिरवावे लागतील. ‘धोंड्याचे सहा दिवस’ म्हणून त्यांना जावयाच्या मानपानाला जोडून टाका, वाचक कुठलाही खुलासा न मागता मान्य करेल.

नावं

खऱ्या ताऱ्यांना आपली नावं आहेत. एचडी ८६०८१ या ताऱ्याचं नाव २०१९ पासून बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरींवरून, आणि त्याच्या ग्रहाचं संतमस. पण वस्ती करणारे लोक इतकं सुंदर नाव क्वचित ठेवतात. ते वाराची पेठ ठेवतात, मालाची पेठ ठेवतात, आणि वेशीला ती जिकडे तोंड करून आहे त्या गावाचं नाव देतात: तुळजापूर वेस, विजापूर वेस. मार्गावरच्या स्थानकांना हीच रीत लावा. ‘पृथ्वीवेस’ म्हटलं की नकाशा न दाखवता दिशा कळते. आणि निदान एका ग्रहाच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती ठेवा, सोळा गावांचं सोलापूर आणि सोन्नलगी यांसारख्या, म्हणजे त्यावर भांडणारे दोन म्हातारे फुकटात मिळतात.

एक चूक अजून राहते: अख्ख्या ग्रहाला एकच हवामान. वाळवंटी ग्रह, जंगली ग्रह. आपल्या एका जिल्ह्यात अकलूजला ऊस आणि सांगोल्याला डाळिंब, मध्ये शंभर किलोमीटरही नाहीत. प्रत्येक बड्या ग्रहाला किमान एक पाणी असलेला आणि एक पाणी नसलेला तालुका द्या, आणि कालवा कुणाच्या हद्दीतून जातो ते ठरवा.

आता पुन्हा अडण्याच्या दिवसांचा कागद काढा. एकेक ग्रह बोटाने झाका आणि उरलेल्यांचे दिवस मोजा. जो झाकल्यावर दोन रकाने एकदम बंद पडतात, कथेची सुरुवात तिथून करा.